आईचे दूध व डब्याचे दूध

आईचे दूध व डब्याचे दूध : तान्ह्या बाळाचे दोन आहार. पहिल्याला बोलीत ‘अंगावरचे दूध’ म्हणतात. दुसरे म्हणजे बहुधा गाईच्या दुधावर प्रक्रिया करून, त्यात लोह व जीवनसत्त्वे मिसळून केलेली भुकटी. गाई-म्हशीचे साधे ‘वरचे दूध’ याहून वेगळे. वर्षाच्या आतील बाळाचा तो मुख्य आहार होऊ शकत नाही.

घटक : १०० मिलिलिटरमागे दोन्ही दुधांतून सुमारे ६५ ते ७० किलोकॅलरी मिळतात. प्रथिने आईच्या दुधात सुमारे १ ग्रॅम, डब्याच्या दुधात थोडी अधिक असतात. मात्र गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते व पोटात त्याचा घट्ट साका होतो. आईच्या दुधात निवळीतील, पचायला हलकी प्रथिने जास्त. हे प्रमाण कारखान्यात जुळवता येते. पण आईच्या दुधातील प्रतिपिंडे व जिवंत पेशी भुकटीत आणता येत नाहीत. आतड्यातील उपकारक जंतूंना पोसणाऱ्या शर्करा आईच्या दुधात शंभरावर प्रकारच्या आहेत. काही डब्यांत त्यांतील मोजक्याच घालतात. आईच्या दुधात लोह थोडे, पण ते चांगले शोषले जाते. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र कमी पडते, म्हणून डॉक्टर बाळाला त्याचे थेंब देतात.

बदलते रूप : पहिले काही दिवस येणारा पिवळसर, दाट चीक एका वेळी चमचा-दोन चमचेच असतो, पण प्रतिपिंडांनी भरलेला. तो पिळून टाकून बाळाला मध चाटवण्याची जुनी रीत घातक आहे. पुढे एकाच पाजण्यात दूध सुरुवातीला पातळ, शेवटी स्निग्ध येते. डब्याचे दूध पहिल्या घोटापासून शेवटच्यापर्यंत सारखेच.

रत्नागिरीच्या संदर्भात : येथे बाळंतिणीला अळिवाचे व डिंकाचे लाडू देतात, नाचणीसत्त्व बाळाला सहा महिन्यांनंतर द्यावे. मे महिन्यात अनेक वाड्यांतील विहिरी तळ गाठतात, टँकर येतो. अशा वेळी डब्याचे दूध करताना पाण्याची काळजी घ्यावी लागते; शिवाय भुकटीही निर्जंतुक नसते. ती उकळलेल्या, किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिसळावी, मग दूध कोमट करून पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ केले, तर बाळ कुपोषित होते.

सोय व कायदा : आईचे दूध अपुरे पडल्यास दात्या मातांचे पाश्चरीकृत दूध हा पहिला पर्याय. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केलेली दुग्धपेढी आशियातील पहिली मानतात. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे.

वैद्यकीय कारणाने डबा लागला, तर त्यात आईचा दोष नाही. एरवी पहिले सहा महिने आईचे दूधच द्यावे. त्यात सुमारे ८७ टक्के पाणी असते. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यातही बाळाला वरचे पाणी लागत नाही.