नाशिकचे नाक आणि मँक्स मांजराची शेपटी

१/ पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून हे गाव 'नासिक'. ही कथा नाशिकच्या प्रत्येक मुलाने आजीकडून ऐकलेली असते. एका गमावलेल्या अवयवातून गावाचे नाव जन्मले, असे ती सांगते. आज अशाच एका दूरच्या कथेकडे वळू: मँक्स मांजराला शेपटी का नाही? 🧵

२/ ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रात आइल ऑफ मॅन हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौ. किमी, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान तालुक्याएवढे. मँक्स मांजर मूळचे तिथले. गोल डोके, आखूड व कमानदार पाठ, पुढच्यांपेक्षा लांब मागचे पाय, दाट दुपदरी केस. आणि शेपटीच्या जागी अनेकदा नुसता खळगा.

३/ बेटावरची पहिली कथा बायबलमधील महाप्रलयाची. नोहाच्या तारवाकडे सगळे प्राणी वेळेत पोहोचले. मांजर मात्र रेंगाळले. दार बंद होता होता ते आत शिरले आणि शेपटी फटीत सापडून तुटली.

४/ दुसरी कथा १५८८ च्या स्पॅनिश आरमाराची. बेटाच्या दक्षिण टोकाला 'स्पॅनिश हेड' नावाचा कडा आहे. तिथे एक जहाज फुटले आणि त्यावरची बिनशेपटीची मांजरे पोहत किनाऱ्याला लागली, असे सांगतात. तिसरी कथा म्हणते, हे मांजर आणि ससा यांचे संकरित अपत्य!

५/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कथांना हसू नये. त्यांची तपासणी करावी. आरमाराची कथा मुळात उत्तरच देत नाही. मांजरे जहाजातून आली असे मानले, तरी त्यांची शेपटी आधी कुठे गेली, हा प्रश्न उरतोच. सशाची कथा केवळ चालीच्या साम्यावर उभी आहे. असा संकर जीवशास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे.

६/ तारवाच्या कथेतील गृहीत अधिक खोल आहे: एकदा तुटलेला अवयव पुढच्या पिढीतही नसतो. जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी हेच तपासले. त्यांनी उंदरांच्या शेपट्या पिढ्यानपिढ्या कापल्या. पाच पिढ्यांत ९०१ पिल्ले जन्मली आणि प्रत्येकाला पूर्ण शेपटी होती. आघाताचा वारसा मिळत नाही.

७/ मग वारसा कशाचा? १९२७ मध्ये पॅरिस येथे नादेझ्दा दोब्रोवोल्स्काया-झावाद्स्काया यांनी उंदरांत शेपटी आखूड करणारे एक उत्परिवर्तन नोंदवले. त्या जनुकाला 'ब्रॅकियुरी' म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आखूड शेपटी. २०१३ मध्ये मँक्स मांजरांतही याच जनुकातील बदल दाखवून देण्यात आले.

८/ हा गुण प्रभावी आहे. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी प्रकट होतो. बाहेरची मांजरे फारशी न येणाऱ्या लहान बेटावर तो रुजला आणि टिकला. मात्र सर्वांत सारखा दिसत नाही. शेपटीच्या लांबीनुसार रम्पी, रम्पी रायझर, स्टम्पी आणि लाँगी असे चार प्रकार मानतात.

९/ कथा जे सांगत नाहीत, ते आता. दोन्हीकडून हा बदल मिळालेले पिल्लू गर्भातच मरते. बिनशेपटीच्या जोडीच्या दर चार गर्भांमागे सरासरी एक असे जाते. जगलेल्यांपैकी काहींच्या मणक्यांत आणि मज्जारज्जूत दोष राहतो: मागचे पाय लुळे, मूत्र व मल यांवर ताबा नाही. यालाच 'मँक्स सिंड्रोम' म्हणतात. लक्षणे बहुधा पहिल्या काही महिन्यांतच दिसतात. म्हणून जाणते पैदासकार शेपटीवाल्या जोडीदाराची योजना करतात. नवलाच्या हौसेपायी बिनशेपटीची जोडी जुळवणाऱ्याला तारवाची कथा हे सांगत नाही.

१०/ निरोगी मँक्स शांत, माणसाळलेले आणि उंदीर मारण्यात पटाईत. काही तर फेकलेली वस्तू कुत्र्यासारखी परत आणून देतात. केस आठवड्यातून एक-दोनदा विंचरावेत, उचलताना कमरेखाली हाताचा आधार द्यावा आणि बद्धकोष्ठ किंवा लंगडणे दिसताच पशुवैद्य गाठावा. आपल्या गल्लीतले शेपूट नसलेले मांजर मात्र बहुधा मँक्स नसून अपघातातून वाचलेले असते.

११/ आता पुन्हा नाशिक. पांडवलेण्यातील १९ व्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळातील प्राकृत शिलालेख आहे. नाशिकच्या महामात्राने हे लेणे करविले, असे तो सांगतो. म्हणजे इसवी सनापूर्वीच हे नाव रूढ होते. ते का पडले, हे मात्र शिलालेख सांगत नाही. नऊ शिखरांवरून पडले, असेही मत आहे.

१२/ शूर्पणखेची कथा श्रद्धेच्या आणि काव्याच्या जागी मोलाचीच आहे. पण जिथे काही नाही, तिथे 'ते कोणीतरी तोडले असणार' असे मानण्याची आपल्या मनाला ओढ असते. नाक असो वा शेपटी, कथा एक क्षण दाखवते. पुरावा पिढ्या दाखवतो, आणि त्या पिढ्यांनी सोसलेलेही दाखवतो.

तुमच्या गावाच्या नावामागे कोणती कथा सांगतात? आणि त्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कुठे आढळतो? दोन्ही शोधून जरूर लिहा.