आचाऱ्याचा आचार्य होतो तेव्हा

मराठी बाराखडीत ‘र’ या अक्षराइतके खोडकर अक्षर दुसरे नसेल. कधी तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, कधी रकार होऊन पायाशी बसतो, तर कधी ‘य’ किंवा ‘ह’ यांच्या डाव्या अंगाला टेकून आडवा होतो. या शेवटच्या अवतारातच खरी मराठी गंमत आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. आचार्यांना आपण अध्यक्षपदाची विनंती करतो आणि आचाऱ्यांना जिलेबीची. एवढा मोठा फरक एका बारीकशा वळणावर उभा आहे. ते वळण छापणाऱ्याच्या यंत्रात नसले, तर आचाऱ्याला फुकटात आचार्यपद मिळते!

मी राहतो विश्रांतवाडीस. ज्येष्ठ वद्यात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्यात शिरते ती दिघीवरून आमच्या या वाडीतूनच. तिच्या आधी आठ दिवस आळंदी रस्त्यावरच्या फलक छापणाऱ्या दुकानांत पाय ठेवावयास जागा नसते. मुद्रिते तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे असल्या दुकानासमोरून मला सरळ जाता येत नाही. अशाच एका वर्षी संगणकाच्या पडद्यावर ‘वारकर्यांचे हार्दिक स्वागत’ अशी अक्षरे मला दिसली. मी आत शिरून म्हटले, “अहो दादा, तो रफार काढा. वारकऱ्यांच्या डोक्यावर तुळशीवृंदावन शोभते, रफार नव्हे.” तो तरुण हसून म्हणाला, “काका, मलाही कळतंय हो. पण सॉफ्टवेअर घेतच नाही ते!”

‘यंत्र घेत नाही.’ वाचकहो, या तीन शब्दांत मराठी मुद्रणाचा दोनशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. यंत्र घेत नसेल तर अक्षर सोडावे, की अक्षर राखून यंत्र दुरुस्त करावे, हाच या इतिहासातला वाद आहे.

प्रारंभी हा वाद नव्हता, कारण हात आणि कागद यांच्यामध्ये अडवणारे फारसे काही नव्हते. १८०५ साली मिरजेस भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यावर कोरून. १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले ते शिळाछापावर. कोरणाऱ्याने किंवा लिहिणाऱ्याने जसे अक्षर काढले तसे ते उमटले. भांडण सुरू झाले ते शिशाचे खिळे आले तेव्हा. इंग्रजीला छोटी-मोठी लिपी, आकडे आणि विरामचिन्हे धरून शे-सव्वाशे खिळ्यांत संसार करता येतो. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे यांचा गोतावळा एवढा की, खिळ्यांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाई, आणि जुळारी आपल्या खणांच्या पेटीसमोर दिवसभर येरझारा घाली.

या अडचणीला पहिले मोठे उत्तर दिले ते जावजी दादाजी यांनी. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी कामाला लागलेल्या या माणसाने १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू हे खिळ्यांचे साचे कोरण्यात निष्णात होते. निर्णयसागराची संस्कृत पुस्तके आजही कोणी उघडून पाहावीत. एकही जोडाक्षर पाय मोडून केविलवाणे उभे दिसणार नाही. या मंडळींनी शिशाला लिपीप्रमाणे वळविले.

परंतु वर्तमानपत्राला निर्णयसागराइतकी सवड नसते. मजकूर संध्याकाळी हाती येतो आणि अंक सकाळी निघावा लागतो. म्हणूनच लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती दोनशेच्या आसपास आणून दाखविली. कोणते तुकडे स्वतंत्र ठेवावे आणि कोणते जोडावे याचा त्यांनी बारकाईने विचार केला. हाती असलेले साधन तपासून त्यात सुधारणा सुचविणाऱ्याचे हे काम होते. जुळाऱ्याच्या पेटीत डोकावणारा संपादक म्हणून मला टिळकांचे हे रूप फार आवडते.

पुढे टंकलेखन यंत्र आले, ओळीच्या ओळी ओतणारी यंत्रे आली, आणि मागणी अधिक कडक झाली. कळा मोजक्याच, त्यांत मावेल तेवढीच लिपी! रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ चालविली आणि ‘अ’चीच बाराखडी करून इ, ई, उ, ऊ यांना रजा द्यावी असे सुचविले. १९५३ साली लखनौस भरलेल्या परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे न्यावी असे ठरविले, कारण यंत्राला आधी वेलांटी आणि मग अक्षर हा क्रम अडचणीचा वाटे. या सर्वांचा हेतू चांगला होता. देश मागे राहू नये हीच त्यांची तळमळ होती. मात्र लोकांच्या डोळ्यांनी ती उजवीकडची वेलांटी स्वीकारली नाही आणि ती बिचारी पुन्हा डावीकडे परतली.

मग संगणक आला आणि पारडे फिरले. कानपूरच्या आय. आय. टी.त १९८०च्या दशकात भारतीय लिप्यांचे जे काम झाले, ते पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ‘जिस्ट’ या नावाने वाढले. त्यामागची कल्पना सोपी होती. यंत्राने आपल्या स्मरणात अक्षरांचा आकार साठवू नये, उच्चार साठवावा. ‘कि’ म्हणताना आपण आधी क म्हणतो आणि मग इ. यंत्राने तोच क्रम ध्यानात ठेवावा आणि वेलांटी डावीकडे काढण्याचे काम स्वतः करावे. लखनौस माणसांना जो त्रास द्यावयाचे ठरले होते, तो आता यंत्राने आपल्या अंगावर घेतला. या विचारावर आधारलेली इस्की नावाची भारतीय प्रमाण संकेतावली १९९१ साली पक्की झाली, आणि जगभर चालणाऱ्या युनिकोडने देवनागरीची मांडणी तिच्याच आधीच्या रूपावरून घेतली. त्याच काळात पुण्यात ल. श्री. वाकणकर आणि मुकुंद गोखले यांची इन्स्टिट्यूट ऑफ टायपोग्राफिकल रिसर्च अक्षरांच्या वळणांचा अभ्यास करीत होती, मुंबईस र. कृ. जोशी संगणकासाठी अक्षरे घडवीत होते. विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचलेला ‘मंगल’ हा फॉन्ट जोशी यांचाच.

एवढे सारे झाले, तर मग त्या तरुणाचे सॉफ्टवेअर ‘ऱ्या’ का घेत नव्हते? कारण पत्रिका, फलक आणि पुस्तके सजविण्याची सॉफ्टवेअरे वेगळ्या वाटेने आली. १९८५ साली निघालेले पेजमेकर, १९८९ चे कोरलड्रॉ, १९९० चे फोटोशॉप ही सारी रोमन लिपीच्या घरची लेकरे. एक कळ, एक अक्षर, ते डावीकडून उजवीकडे ठेवत जावे, एवढेच त्यांना ठाऊक. आपल्या कारागिरांनी त्यावर तोड काढली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविले. ‘ए’च्या घरात अर्धा ‘क’, ‘बी’च्या घरात वेलांटी, असा भाडेकरूंचा वाडाच म्हणा ना! पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी आणि तिच्यासारखी इतर सॉफ्टवेअरे यांनी १९९०च्या दशकात गल्लोगल्ली मराठी छपाई पोहोचविली. हे उपकार लहान नव्हेत. परंतु प्रत्येकाचा वाडा निराळा आणि भाडेकरूंची खोलीही निराळी. एका घराण्याच्या फॉन्टात लिहिलेली फाईल दुसऱ्याकडे उघडली की, ‘ज्ञानेश्वर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी!

आणि युनिकोडचा मजकूर त्या रोमन घरच्या सॉफ्टवेअरात टाकला तर? वेलांटी चुकीच्या अक्षरावर बसे, ‘ज्ञ’चे ज आणि ञ पाय मोडून शेजारी-शेजारी उभे राहत. पाने सजविणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या नीट जुळविण्याची सोय आली ती २०१२ च्या आवृत्तीत. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा मिळाल्याला तोवर वीस वर्षे लोटली होती. स्क्रायबस या खुल्या सॉफ्टवेअरात २०१७ च्या सुमारास ही सोय झाली, तीही ओमानमधल्या मंडळींनी आपल्या अरबी लिपीसाठी खटपट केली म्हणून. त्यांनी स्वतःसाठी विहीर खणली आणि पाणी आपल्यालाही मिळाले.

म्हणून बिघाड दिसला की ‘घेत नाही’ म्हणून हात झटकण्यापूर्वी दोष कोणाचा हे शोधावे, असे माझे म्हणणे आहे. वैद्य जसा नाडी पाहतो तसेच हे आहे. दोष तीनच ठिकाणी असू शकतो: टंकण्यात, फॉन्टात किंवा सॉफ्टवेअरात. तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टात करून पाहावा. तेथे नीट दिसला तर दोष पहिल्या फॉन्टाचा. सगळ्याच फॉन्टांत बिघडला, पण साध्या लेखनाच्या सॉफ्टवेअरात नीट दिसला, तर सजावटीच्या सॉफ्टवेअराचा. सगळीकडेच चुकला तर टंकणाराच काही वेगळे टंकत आहे. आमच्या दुकानात हीच तपासणी केली, तेव्हा रोग तिसरा निघाला. साधा र, पाय मोडण्याची खूण आणि य असे टंकले, तर यंत्राने रफार देणे हा त्याचा धर्मच आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून र ची कळ दाबावी, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ येतो. मग पाय मोडावा आणि य द्यावा. झाले! वारकऱ्यांच्या डोक्यावरचा रफार उतरला. अर्धी मराठी दुकाने ज्याला यंत्राचा दोष समजतात, ती एका कळीची माहिती असते.

पण दोष खरोखरच यंत्राचा असेल तेव्हा गप्प बसू नये. सॉफ्टवेअर करणाऱ्यांना नेमके कळवावे: आवृत्ती कोणती, फॉन्ट कोणता, काय टंकले, काय दिसले आणि काय दिसावयास हवे होते. ‘तुमचे मराठी बरोबर नाही’ एवढ्याने कोणालाच काही उमजत नाही. नेमके सांगितलेले ऐकले जाते, याला दाखला आहे. ‘ॲ’ हे आपले रोजचे अक्षर. हिंदीची रीत ए वर चंद्र देण्याची, आपली अ वर. युनिकोडमध्ये आपल्या ‘ॲ’ला स्वतंत्र जागा नव्हती, २००८ च्या आवृत्तीत ती खास मराठीसाठी मिळाली. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही आपली वळणे २००९ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून प्रमाण ठरविली. आता अनेक फॉन्टांत दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की मराठी वळण आपोआप येते. सजावटीच्या प्रत्येक सॉफ्टवेअराने ही निवड सहज दिसेल अशा जागी ठेवावी, ही माझी पहिली सूचना.

दुसरी सूचना अशी की, अक्षरांमधले अंतर वाढविले तर आपली शिरोरेषा तुटू नये. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांप्रमाणे आपली अक्षरे त्या रेषेला लटकलेली असतात. दोरीच तुटली तर काय उरणार? तिसरी, परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करावयाचे झाल्यास ‘स्त्री’ या शब्दातला नुसता ‘स्’ उचलून मोठा करू नये, सबंध ‘स्त्री’ उचलावी. चौथी, ओळींतील अंतर ठरविताना वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची टक्कर होणार नाही असे पाहावे. जुना जुळारी हे सारे न सांगता करी; तेच ज्ञान आता यंत्राला शिकवावयाचे आहे, आणि ते शिकविणारा मराठी वाचणाराच असला पाहिजे.

शेवटी एक कळकळीची विनंती. १९९० ते २०१० या वीस वर्षांत मराठीत जे छापले गेले, स्मरणिका, कुलवृत्तांत, गावांचे इतिहास, कोणाच्या आजीच्या आठवणी, त्यांपैकी किती तरी मजकूर जुन्या फॉन्टांच्या फायलींत अडकून पडला आहे. तो फॉन्ट गेला की भाडेकरूंची नावे सांगणारा कोणी उरत नाही, आणि मजकूर असून नसल्यासारखा होतो. तो युनिकोडमध्ये पालटून देणारी साधने आज उपलब्ध आहेत. मात्र पालटल्यावर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावे लागते, कारण या देवघेवीत तो खोडकर ‘र’ पुन्हा निसटू पाहतो. दिवाळीच्या सफाईत माळ्यावर एखादी जुनी चकती किंवा बंद पडलेला संगणक सापडला, तर तो भंगारवाल्याला देण्याआधी आत काय आहे हे घरातल्या एखाद्या जाणत्या मुलाला पाहावयास सांगा. फराळानंतरची एक दुपार त्याला पुरेल, आणि आजीचे लिहिणे पुन्हा वाचता येईल.