परत नांदायला ये, नाहीतर तुरुंगात जा

दुरावलेले नवरा-बायको पुन्हा एकत्र येतात, अशा कादंबऱ्या मी मोबाइलवर एका बैठकीत संपवते. पण तो परत बोलावतो आणि ती अडून बसते, त्या पानावर मला हमखास रखमाबाई आठवतात.

११व्या वर्षी लग्न झालं. नवरा, दादाजी भिकाजी, १९चा. त्या सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला: बायको नांदायला पाठवा. गंमत बघा, हा दावा मुळात धर्मशास्त्रातला नाहीच, तो इंग्लंडच्या चर्च-कोर्टांतून आलेला. आणि त्याच १८८४ साली इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद केलं होतं! इथे मात्र ते चालूच राहिलं.

न्या. पिन्हे यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल. धर्म बुडाला म्हणून ओरडणारा 'केसरी' त्या वेळी या विलायती दाव्याच्या बाजूने उभा होता. याचं मला अजून नवल वाटतं.

१८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेत वर्षानुवर्षं काम केलं.

इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये रद्द केला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या ९व्या कलमात तो आहेच. तुरुंग गेला, जप्ती राहिली.