झोळीवरचा संशय

रहस्यकथेला एक ठराविक साचा असतो. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून तो मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडला. एखाद्या मठात किंवा पंथात खून पडतो, मग दुसरा पडतो. कुणी चतुर गुप्तहेर किंवा धाडसी बातमीदार आत शिरतो, धागेदोरे जुळवतो आणि शेवटच्या प्रकरणात मुखवटा ओढतो. खुनी एकटा निघतो. वाचक पुस्तक मिटून निवांत झोपतो, कारण खुनी दुसराच कुणीतरी होता.

ज्या पाच खुनांविषयी मी लिहीत आहे त्यांना हा साचा लागू पडत नाही. हे खूनही एका पंथाच्या माणसांचे आहेत. परंतु ते भर दिवसा, आठवडे बाजाराच्या गर्दीत झाले. मारणाऱ्यांनीच त्याचे चित्रण केले आणि संध्याकाळपर्यंत ते हजारो हातांतल्या मोबाइलवर पोहोचले. चेहरे दिसत होते, आवाज ऐकू येत होते. मग बातमीदाराने शोधायचे काय? माझे उत्तर असे आहे की, येथे कोणी मारले यापेक्षा, मारण्याआधीचा संशय कुणी आणि किती वर्षे घडवला, हा तपासाचा खरा विषय आहे. म्हणून ही हकीकत गुन्हेवार्तेच्या रकान्यातून काढून इतिहासात आणली पाहिजे.

मी जळगावला मेहरूणमध्ये राहतो. मेहरूण एके काळी वेगळे गाव होते. आज ते शहराच्या पोटात आहे. तलाव आणि बोरे एवढीच त्याची बाहेर ओळख. येथून धुळे ओलांडले की साक्री, साक्रीच्या पुढे पिंपळनेर, आणि त्या आदिवासी पट्ट्यात राईनपाडा. 1 जुलै 2018 हा रविवार होता, राईनपाड्याचा बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले. बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे तेव्हा छापून आले. मुले पळवणारी टोळी आल्याची आवई त्या दिवसांत गावोगाव फिरत होतीच. गर्दीने त्यांना घेरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. पोलीस आले तेव्हा तेही गर्दीपुढे अपुरे पडले. पाच माणसे गेली. सरकारने प्रत्येकाच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. धरपकड झाली, आणि खटल्यासाठी आमच्या जळगावचे उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली.

हे लोक कोण? डौर वाजवीत, शंकराची आणि नाथांची गाणी म्हणत दारोदार फिरणारे. गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वरांना जो गुरुमार्ग मिळाला, असे वारकरी परंपरा सांगते, त्याच नाथपंथाचे हे शेवटच्या पायरीवरचे लोक. ज्ञानेश्वरांची बहीण मुक्ताबाई आमच्याच जिल्ह्यात तापीकाठी गुप्त झाली अशी श्रद्धा आहे; तिच्या नावाने एदलाबादचे मुक्ताईनगर झाले. म्हणजे नाथांची देवळे आणि ग्रंथ गावाला चालतात, नाथांचे नाव तालुक्याला चालते. परंतु त्याच नाथांचे नाव घेऊन झोळी पुढे करणारा जिवंत माणूस मात्र चालत नाही. त्याच जुलै महिन्याच्या 23 तारखेला आषाढी एकादशी होती. अवघा महाराष्ट्र पायी चालणाऱ्यांच्या पायांवर डोके ठेवीत होता. पायी चालणे हाच ज्यांचा पिढीजात संसार, त्यांच्या घरी त्या वेळी मयताचे दिवसही पुरे सरले नव्हते.

मंगळवेढ्याचे नाव घेतले की आपल्या वाचकाला चोखोबा आठवल्याशिवाय राहणार नाही. 1338 साली तेथे गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि वेठीला राबणाऱ्या मजुरांबरोबर चोखामेळा गाडला गेला, असे परंपरा सांगते. नामदेवांनी त्याची हाडे विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखली ही कथा सारे भक्तिभावाने सांगतात. ती भिंत कच्ची कुणी बांधवली आणि त्याच्याबरोबरचे बाकीचे मजूर कोण होते, हे मात्र कुणी विचारीत नाही. आपल्या इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे. मेलेल्या माणसाचा चमत्कार करायचा आणि मरणाचे कारण सोडून द्यायचे.

राईनपाड्याच्या मरणाचे कारण म्हणून सर्वांनी मोबाइलकडे बोट दाखवले. त्यात तथ्य आहे. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली एक छोटी चित्रफीत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे मूल उचलतात आणि अखेरीस परत आणून सोडतात, असे त्यात दाखवले होते. अखेरचा तुकडा कापून उरलेला भाग 2018 साली खऱ्या घटनेचे चित्रण म्हणून भारतभर फिरवला गेला. देशात ठिकठिकाणी माणसे मारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018 रोजी तहसीन पूनावाला खटल्यात, जिल्ह्याजिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी नेमावा, खटले जलद चालवावेत, असे आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे ढकलता येईल असे बंधन घातले.

परंतु मोबाइलने ‘मुले पळवणारा’ एवढेच सांगितले होते. तो कसा दिसतो हे गावाला कुणी शिकवले? गर्दीने बाजारातल्या व्यापाऱ्याला धरले नाही, औषधविक्रेत्याला धरले नाही, मोटारीतून आलेल्या पाहुण्याला धरले नाही. झोळीवाल्यालाच धरले. 2012 साली नागपुरात चोर समजून तिघा बहुरूप्यांना जमावाने ठार केले, तेव्हा ही चित्रफीत नव्हती. म्हणजे संशयाचे यंत्र जुने आहे. त्याला तारेची जोडणी फक्त नवी मिळाली.

हे यंत्र 1871 साली कागदावर उतरले. त्या वर्षी इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखादी जमातच जन्माने गुन्हेगार ठरवायची, तिच्या माणसांची नोंद करायची, पोलिसांकडे हजेरी लावायची, परवान्यावाचून हलू द्यायचे नाही. इंग्रजांना ही कल्पना सहज सुचली, कारण जन्मावरून धंदा आणि धंद्यावरून लायकी ठरवणारी व्यवस्था त्यांना येथे तयार सापडली होती. 1911 नंतर मुंबई इलाख्यातही हा कायदा जारीने राबला. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला आणि माणसे ‘विमुक्त’ झाली. पुढे 1959 साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, आणि त्याच वर्षाचा भीक प्रतिबंधक कायदाही आहे. या दुसऱ्या कायद्यातली भिकेची व्याख्या वाचकांनी मुद्दाम पाहावी. गाणे, नाच, भविष्यकथन यांच्या निमित्ताने पैसे मागणे हेही तीत भीकच आहे. वॉरंटशिवाय अटक, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे सुधारगृह, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. म्हणजे डौर वाजवून पसाभर पीठ मागणारा गोसावी कायद्याच्या भाषेत गुन्हेगारच होता. राईनपाड्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, 8 ऑगस्ट 2018 रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातल्या भीक मागणे गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या, कारण पोट भरण्यासाठी हात पसरणाऱ्याला तुरुंगात घालणे माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही.

डवरी गोसावी इंग्रजांच्या यादीत होते की नव्हते, हा वाद येथे गौण आहे. यादीतला भटका आणि यादीबाहेरचा भटका असा फरक गाव करीत नाही. भाषाही करीत नाही. ऊसतोड मजुरांची टोळी असते, दरोडेखोरांची टोळी असते आणि माळावर पाल ठोकणाऱ्यांचीही टोळीच असते. सुशिक्षितांच्या घराची मात्र टोळी होत नाही. त्यांचे कुटुंब असते. माझ्या लहानपणी मेहरूणच्या गल्लीत डौर वाजला की आयाबाया सुपातून पीठ आणून घालीत आणि त्याच तोंडाने रडणाऱ्या पोराला सांगत, ‘गप बस, नाहीतर झोळीत घालून नेईल.’ दान आणि भीती एकाच दारात, एकाच वेळी दिली जात होती. मोबाइल येण्यापूर्वी कितीतरी आधी हा निरोप प्रत्येक मुलाच्या कानी पोहोचलेला होता.

आता बातमीदारांकडे वळू. धर्मपंथाच्या आत शिरून सत्य बाहेर काढणारे पत्रकार आपल्या देशात झाले आहेत. करसनदास मुळजी यांनी वैष्णव महाराजांचे अनाचार आपल्या पत्रात छापले. 1862 चा मुंबईतला महाराज अब्रुनुकसानीचा खटला त्यांनी जिंकला. सिरसा येथे ‘पूरा सच’ चालवणाऱ्या रामचंद्र छत्रपती यांनी 2002 साली एका डेऱ्यातल्या अत्याचारांचे निनावी पत्र छापले. त्याच वर्षी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या आणि ते मरण पावले. या पत्रकारांना मी मानतो. परंतु त्यांच्यासमोर धनाढ्य गादी होती, मठ होता, अनुयायी होते. ज्या पंथाजवळ गादी नाही, मठ नाही, रात्रीच्या मुक्कामाला गावाची परवानगी नाही, त्याच्यासाठी बातमीदार किती दिवस थांबतो?

याचे उत्तर दोन घटना शेजारी ठेवल्या की मिळते. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तेथेही आदिवासी पट्टा, चोर आणि मुले पळवणारे आल्याची अफवा, पोलिसांसमोर झालेली हत्या. ती हत्याही तेवढीच अमानुष होती, आणि त्या तिघांविषयीचा माझा शोक कमी नाही. परंतु त्या वेळी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर देशभर रणधुमाळी माजली, धर्मावर घाला पडल्याची हाकाटी झाली, आणि अटक केलेल्या 101 जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही असे सांगावे लागले. राईनपाड्याचे पाचही जण शिवाचेच नाव घेणारे होते. त्यांच्यासाठी कुणाला धर्म संकटात दिसला नाही. कारण धर्माच्या मोजणीत ते हिंदू, आणि मरणाच्या मोजणीत फक्त भिकारी.

कायद्यानेही त्यांना असेच अधांतरी ठेवले आहे. महाराष्ट्रात त्यांची नोंद भटक्या जमातींत आहे. म्हणून 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, जो अनुसूचित जाती-जमातींसाठी आहे, त्यांच्या मदतीला येत नाही. बाळकृष्ण रेणके आयोगाने 2008 साली अहवाल दिला, त्यानंतर भिकू इदाते आयोग झाला. अहवाल झाले, पण पालाला अजून पत्ता मिळाला नाही.

येथे मला एक कडू गोष्ट लिहिली पाहिजे. 1948 साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, आदिवासी आणि अस्पृश्य असे तीन वर्ग शेजारी शेजारी ठेवले आणि हे वर्ग निर्माण करणाऱ्या संस्कृतीला जाब विचारला. राईनपाड्यात त्या तिघांपैकी दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. एक मारणारा झाला, एक मेला. ज्या भिल्ल-कोकण्यांना स्वतः पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हटले गेले, त्यांच्यातल्याच माणसांनी दुसऱ्याला चोर ठरवले. त्यांचा गुन्हा त्यामुळे तसूभरही हलका होत नाही. परंतु वरच्यांनी शिकवलेला संशय खालचे एकमेकांवर चालवतात, तेव्हा व्यवस्थेला स्वतःचे हात मळवावे लागत नाहीत, हेही नोंदले पाहिजे.

आणि तिसरा वर्ग? तो आपण. आपल्या वाडवडिलांनीही येसकराची काठी आपटीत दारोदार भाकरी मागितली आहे. बाबासाहेबांच्या शब्दाखातर आपण ती भाकरी नाकारली, गावकीची कामे सोडली, शाळेची वाट धरली. या अभिमानात एक धोका आहे. ज्याला झोळी अजून खाली ठेवता आलेली नाही, त्याच्याकडे आपणही पांढरपेशाच्या नजरेने पाहू लागतो. ‘उपरा’, ‘गबाळ’, ‘उचल्या’ ही आत्मकथने आपण आपल्या साहित्याच्या मांडवात मानाने बसवली, पण त्या पुस्तकांतली माणसे आपल्या वस्तीशेजारी पाल ठोकायला आली तर आपण काय करतो?

त्याच 1 जुलैच्या रात्री मालेगावात एक भिक्षेकरी कुटुंब, लहान मुलासह, अशाच गर्दीच्या तावडीत सापडले होते. तेथील एका मुसलमान तरुणाने त्यांना आपल्या घरात घेतले, आणि पोलीस येईपर्यंत ती माणसे जगली. राईनपाडा आणि मालेगाव यांच्यात अफवेचा फरक नव्हता. एका उघडलेल्या दाराचा होता.

1920 च्या ‘मूकनायका’पासून आपली पत्रे निघाली ती याचसाठी की, ज्याच्या मरणाची बातमी होत नाही त्याची बातमी व्हावी. भटक्यांच्या पालांत आज शिकलेली पोरे आहेत. त्यांनी आपल्या वाटांचा, मुक्कामांचा, हाकलून दिलेल्या गावांचा इतिहास तारखांसह लिहावा, आणि अशा नियतकालिकांनी तो पहिल्या पानावर घ्यावा. राईनपाड्याचा खटला न्यायालयात चालेल तसा चालेल. झोळीवरच्या संशयाचा खटला मात्र आपल्यालाच चालवावा लागणार आहे, आणि त्यात साक्षीदार म्हणून प्रथम आपल्यालाच उभे राहावे लागेल.