फ्रीलान्स फोटोग्राफी: तुम्ही काढलेला फोटो नेमका कोणाचा?

फ्रीलान्स फोटोग्राफर म्हणजे कुठे पगारावर नसलेला, प्रत्येक कामाचे वेगळे पैसे घेणारा फोटोग्राफर. सोलापुरात हे काम जुनंच आहे. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग यावर इथे कित्येकांचं घर चाललंय. फरक पडलाय तो गिऱ्हाइकात. चादर, टॉवेल आणि गणवेश बनवणारे आता ऑनलाइन विकायला लागलेत. छापील कॅटलॉग कधीतरी एकदा निघायचा, ऑनलाइन दुकानाला मात्र प्रत्येक रंगाचा आणि प्रत्येक डिझाइनचा वेगळा फोटो लागतो. त्यामुळे लग्नसराई नसतानाही काम मिळू शकतं.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "कॅमेरा कोणता घेऊ?" सुरुवातीला फोन पुरतो. चादरीचंच घ्या. तिची खरी गंमत विणकामात आहे आणि समोरून फ्लॅश मारला की ती सपाट दिसते. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ द्या, दुसऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, फोन ट्रायपॉडवर लावा. वाइड लेन्सऐवजी २एक्स वापरा, म्हणजे कडा वाकड्या दिसत नाहीत. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून तसाच ठेवा. फोटोत मरून आणि हातात लाल, असं झालं की गिऱ्हाईक माल परत पाठवतं आणि कारखानदार पुन्हा तुम्हाला बोलावत नाही.

कॅमेऱ्याचं एवढं पुरे. यापेक्षा मोठा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

फोटोचा मालक कोण?

बहुतेकांना वाटतं, बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोबाबत हे खरं आहे. त्याचा कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. पण कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १७ वेगळी गोष्ट सांगतं. कोणीतरी सांगितलं म्हणून, पैसे घेऊन फोटो काढला आणि दुसरं काही ठरलं नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा असतो. स्टुडिओत पगारावर असाल तर साधारणपणे तुमचा मालक.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. लग्नाचे फोटो काढले आणि काहीच ठरवलं नाही, तर त्यातला एखादा स्वतःच्या इन्स्टाग्रामवर टाकायलाही तुम्हाला परवानगी लागते. ज्या कामावर पुढची ऑर्डर मिळायची, तेच काम दाखवता येत नाही. उलट तुम्ही घरगुती दुकानासाठी काढलेला फोटो उद्या महामार्गाच्या होर्डिंगवर दिसला, तरी जादा पैसे मागायला जागा नसते. "फोटोचे पैसे तर दिलेत की, आता परत कशाचे?" हे गिऱ्हाइकाचं म्हणणं मग कायद्यालाही धरून असतं.

उपाय कलम १७ मध्येच आहे: "दुसरं काही ठरलं नसेल तर". म्हणून ठरवा, आणि शूटच्या आधी ठरवा. मी साध्या मराठीत ई-मेल करायला सांगतो: "या २० फोटोंचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. तुम्हाला ते वेबसाइट, सोशल मीडिया आणि ऑनलाइन दुकानासाठी २ वर्षं वापरता येतील. होर्डिंग किंवा पॅकिंगसाठी वेगळं बोलू. माझं काम म्हणून मी ते दाखवू शकतो." समोरून "मान्य आहे" आलं की मगच ॲडव्हान्स घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झालेला करार केवळ त्या कारणाने रद्द ठरत नाही.

प्रत्येक कामात हट्ट धरू नका हं. पांढऱ्या बॅकग्राउंडवरचा टॉवेलचा फोटो दुसऱ्या कोणाच्या काय कामाचा? तो देऊन टाका, फक्त काम दाखवायची परवानगी लिहून घ्या. मॉडेल, जागा, कल्पना सगळं तुमचं असेल, तिथे मात्र मालकी सोडू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर फोटोचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

ऑर्डरशिवायचं काम

क्रिएटिव्ह म्हणून नाव होतं ते बहुधा कोणी न सांगता काढलेल्या फोटोंमुळे. मूळ अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं वर्षानुवर्षं टिपलं. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले आणि त्यातून पुस्तक उभं राहिलं. आपल्याकडे विषयांची कमी नाही. जानेवारीतला गड्डा, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आणि सात नंदीध्वज, आषाढीचं पंढरपूर, यंत्रमागावरचे हात. एकाच विषयावर चार वर्षं परत परत जा. एका दिवसाचे दोनशे फोटो प्रत्येकाकडे असतात.

हे फोटो स्टॉक साइटवर टाकणार असाल तर एक लक्षात ठेवा. ओळखू येणारा चेहरा असेल आणि फोटो जाहिरातीला जाणार असेल, तर त्या माणसाची सही केलेलं संमतिपत्र, म्हणजे मॉडेल रिलीज, मागतात.

फाइल पाठवताना

व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आत लिहिलेलं तुमचं नाव, तारीख वगैरे माहिती सहसा निघून जाते. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने छापला तर जेमतेम ५.३ इंच भरतो. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लाइटरूमसारख्या ॲपमध्ये कॉपीराइटच्या रकान्यात नाव भरून ठेवा. मूळ फाइल कधीच देऊ नका आणि डिलीटही करू नका. वाद झाला तर तोच तुमचा पुरावा.

अडकलेले पैसे

"पुढच्या आठवड्यात बघू" हे उत्तर या धंद्यात सगळ्यांच्या ओळखीचं. त्यासाठी उद्यम नोंदणी करून ठेवा. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट होते. एजंटला पैसे द्यायची गरज नाही. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. मग २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार तारीख लेखी ठरली असली तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार ऑनलाइन करता येते. तक्रारीत बिल आणि ऑर्डरचा लेखी पुरावा जोडावा लागतो. वर सांगितलेला तो "मान्य आहे"वाला ई-मेल इथेही चालतो.