तांदळावाचूनचे तांदूळ

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची ठरली, आणि ‘तुम्ही इतिहासावर काहीतरी लिहा’ असा चिटणीसबाईंचा निरोप आला. इतिहास म्हटला की चांद्याचा परकोट, महाकालीचे देऊळ, गोंडराजांच्या समाधी असे विषय डोळ्यांपुढे येतात. त्यांवर जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मी मात्र चुलीजवळचा विषय घेतला आहे, आणि तो भगिनींना अगदीच परका वाटणार नाही अशी आशा आहे.

अलीकडे नागपूर-पुण्याकडच्या लेकी-सुना घरी येताना गोठवलेल्या फुलकोबीच्या किसाची पाकिटे आणू लागल्या आहेत. आपल्या बाजारात जिला आपण फुलगोबी म्हणतो, तिचाच हा तांदळाएवढा बारीक चुरा. पाकिटावर नाव मात्र ‘कॉलिफ्लॉवर राईस’. आमच्या बैठकीत यावर तीन प्रश्न निघाले. याला भात म्हणावयाचे काय? हा शिजवावयाचा कसा? आणि पाकीट फोडल्यावर उरेल त्याचे करावयाचे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

आपला मुलूख दोन धान्यांचा आहे. वरोरा-भद्रावतीकडे ज्वारी पिकते, तर मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी आणि पुढे आरमोरी-गडचिरोलीकडे धान. येथील जुने मालगुजारी तलाव धानाच्या बांध्यांसाठीच खोदले गेले. नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या शेतातील वेगळ्या लोंब्या हेरून त्यांतून जे वाण निवडले, ते एचएमटी या नावाने देशभर गेले. अशा मुलखात ‘भात सोडा’ असे कोणी म्हटले तर घरातल्या वडीलधाऱ्यांना ते पचत नाही, यात नवल काय? जेवण झाले काय असे विचारावयाचे असले तरी ‘भात खाल्ला का?’ असेच पुष्कळ घरांत विचारतात.

तरीही तांदळावाचून तांदूळ शोधण्याची वेळ आपल्या आज्या-पणज्यांवर आलीच होती. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळले. १९०१ च्या शिरगणतीत चांदा जिल्ह्याची वस्ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी घटलेली निघाली. त्या वेळचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर व गडचिरोली दोन्ही. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. धान गेले की जंगलाकडे वळावयाचे, हा येथला परिपाठ. वाळवून ठेवलेली मोहफुले, कंद, बांबूचे कोवळे कोंब म्हणजे आपले वास्ते, आणि कोदो-कुटकीसारखी हलक्या जमिनीतही तग धरणारी धान्ये यांवर माणसांनी दिवस काढले.

बांबूची गोष्ट तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. बांबू कित्येक वर्षांनी एकदाच फुलतो, त्याला बी येते आणि मग ते बेट वाळून जाते. हे बी दिसावयास धानासारखेच. ते कांडून भातासारखे शिजवीत असत, आणि त्याला बांबूचे तांदूळ हेच नाव होते. १९०० सालच्या उन्हाळ्याच्या तोंडी चांद्याच्या रानात आणखी एक नवल घडले. बांबूंच्या खोडांतून गोड, चिकट रस पाझरून वाळला आणि लोकांनी तो खाल्ला. डेव्हिड हूपर या शास्त्रज्ञांनी त्याचे परीक्षण करून त्यावर लिहिले, म्हणून ती गोष्ट कागदावर राहिली. ज्यांनी तो रस गोळा केला त्या बायांची नावे मात्र कोठेच राहिली नाहीत.

नावाचाच प्रश्न असेल तर आपल्या भाषेने तो केव्हाच सोडविला आहे. एकादशीला आपण भगर शिजवितो, तिला पुष्कळ ठिकाणी ‘वऱ्याचे तांदूळ’ म्हणतात. वरी हे वेगळे तृणधान्य; ते भाताचे रोप नव्हे. पण कांडून, सडून, पांढरा दाणा निघाला आणि तो पाण्यात फुलला की आपण त्याला खुशाल तांदूळ म्हणतो. त्यात कोणाची फसवणूक होत नाही, कारण वरी म्हणजे काय हे प्रत्येक घरात ठाऊक असते.

स्वातंत्र्यानंतर हा शोध सरकारदरबारीही सुरू झाला. देशात धान्याचा तुटवडा होता. १९५१ नंतर परदेशी धान्य आणावयाचे नाही, असा निर्धार पंडित नेहरूंच्या सरकारने जाहीर केला होता. तांदूळ-गव्हाऐवजी रताळी, केळी, टॅपिओका खा, असा प्रचार चालू झाला. कन्हैयालाल मुनशी अन्नमंत्री असताना त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला अन्न परिषद निघाली. तिने मोठ्या शहरांतून ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे चालविली. तेथे रेशनच्या धान्यावाचून केलेले पदार्थ मिळत. १९५० सालीच म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था उभी राहिली. तेथील शास्त्रज्ञांनी टॅपिओका आणि शेंगदाण्याचे पीठ यांपासून दाणे पाडून कृत्रिम तांदूळ तयार केला.

त्याचे पुढे काय झाले? १९५१ उलटले तरी परदेशी धान्य येतच राहिले, आणि १९५६ साली अमेरिकेशी त्यासाठी मोठा करार करावा लागला. म्हैसूरचा तो तांदूळ आज कोणत्याही दुकानात दिसत नाही. मात्र त्याच टॅपिओकाचा साबुदाणा आपण आनंदाने खातो! मला यातून एक गोष्ट दिसते. भाताचे सोंग घेऊन आलेला पदार्थ ताटात टिकत नाही. स्वतःच्या चवीने आलेला टिकतो.

आता फुलकोबीकडे येते. ही भाजी मूळची भूमध्य समुद्राकडची. कंपनी सरकारच्या काळात, १८२२ साली, तिचे बी सहारनपूरच्या बागेत आले, असे सांगतात. पुढे तिने येथली हवा इतकी मानवून घेतली की ती आपलीच झाली. भाज्या झपाट्याने गोठवून विकण्याची रीत अमेरिकेतील क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी रूढ केली. १९३० साली त्या प्रथम तेथील दुकानांत आल्या. या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या अगदी अलीकडे. भात-पाव कमी खाणाऱ्यांसाठी फुलकोबीचा चुरा पाकिटांतून विकावयास निघाला, तो २०१० नंतरच्या दशकात.

आणि गंमत पाहा, त्यावरून तेथे भांडण लागले. तांदूळ पिकविणाऱ्यांनी तक्रार केली की भाजीला तांदूळ म्हणणे हा खोटेपणा आहे. अर्कान्सास आणि लुईझियाना ही तेथील धान पिकविणारी राज्ये. दोघांनीही २०१९ साली कायदे करून असे नाव लावण्यास मनाई केली. तेथल्या शेतकऱ्याची तळमळ धानाच्या मुलखातल्या आपल्याला समजू शकते. पण माझी काळजी नावाची नाही, ताटाची आहे.

दोन आकडे लक्षात ठेवावेत. शिजवलेला भात १०० ग्रॅम घेतला तर त्यात सुमारे १३० कॅलरी आणि २८ ग्रॅम पिष्ट असते. तेवढ्याच फुलकोबीत कॅलरी सुमारे २५ आणि पिष्ट ५ ग्रॅम. दुष्काळातला बदली तांदूळ उपाशी पोटासाठी होता. त्यात बळ असावे लागे. हा नवा तांदूळ अगदी उलट कामासाठी निघाला आहे. त्याची थोरवीच मुळी त्यात बळ कमी असण्यात आहे. मधुमेहामुळे ज्यांना भात आवरावयास सांगितले आहे त्यांना तो उपयोगी पडेल. तेही वैद्यांना विचारून, कारण साखरेची गोळी वा इन्सुलिन चालू असता भात एकदम तोडला तर साखर फार खाली जाण्याची भीती असते.

परंतु घरात एकासाठी शिजलेले सर्वांच्या ताटात जाते, आणि उरलेसुरले कोणाच्या ताटात जाते ते भगिनींना मी सांगावयास नको. वाढत्या मुलाला, गरोदर सुनेला, बांधीत दिवसभर रोवणी करून आलेल्या बाईला भाताऐवजी हा कीस वाढणे म्हणजे भरल्या घरात उपास घडविणे होय. त्यांच्या ताटात तो भाजी म्हणून जरूर वाढावा, पण भात त्यांचा त्यांना मिळाला पाहिजे.

राहिले दोन प्रश्न. गोठवलेला कीस शिजविताना तो आधी बाहेर काढून वितळू देऊ नये, त्याचा लगदा होतो. पसरट कढई चांगली तापवावी, थोड्या तेलात जिरे-मिरचीची फोडणी करावी आणि कीस तसाच गोठलेला टाकावा. झाकण ठेवू नये. सुटलेले पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. एकदम ढीग न घालता थोडाथोडा परतावा. मीठ शेवटी, नाहीतर पाणी अधिक सुटते. पाच-सात मिनिटांत तो मोकळा होतो. आपला गोळाभात आवडत असेल तर डाळीच्या भरड्याचे गोळे वेगळे वाफवावेत, कुस्करून या किसावर घालावेत आणि वरून तेलाची गरम फोडणी द्यावी. पथ्याच्या माणसालाही जेवल्यासारखे वाटते. ज्यांना अर्धेच पथ्य आहे त्यांनी अर्धा भात, अर्धा कीस मिसळावा.

पाकीट फोडले की लागेल तेवढाच कीस काढून बाकीचा तोंड घट्ट बांधून लगेच परत ठेवावा. एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नये. वीज गेल्यामुळे वितळलाच, पण अजून थंडगार असेल, तर त्याच दिवशी पिळून घेऊन थालीपिठात, पराठ्याच्या सारणात किंवा सांबारवडीत घालावा. बेसन पेरून त्याचा झुणकाही उत्तम होतो. कोमट होऊन वास येऊ लागला असेल तर मात्र मोह धरू नये.

पाकीटच हवे असेही नाही. पौष-माघात फुलगोबी स्वस्त असते. मिठाच्या पाण्यात बुडवून कीड काढावी, तुरे दोन-तीन मिनिटे उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात घालावेत, कोरडे करून किसावेत आणि एका वेळेपुरत्या लहान पुड्या करून बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात. देठ आणि कोवळी पाने टाकू नयेत, त्यांची भाजी होते. आपल्या आज्या हेच काम उन्हात वाळवून करीत होत्या. आपण थंडीत करतो इतकेच.

याला भात म्हणावयाचे काय, याचे माझे उत्तर असे: नाव काहीही ठेवा, पण तो कोणासाठी शिजला आहे हे वाढणारीने विसरू नये. ज्यांनी बांबूचे बी कांडून लेकरे जगविली त्यांच्या नाती आपण. ताटात काय कमी करावयाचे हे ठरविताना, कोणाच्या ताटातून, हा प्रश्न पुढील वर्षी मंडळाच्या प्रत्येक पाककृतीच्या वर्गात आधी विचारला जावा, एवढीच विनंती.