ज्या उंदराला डोळ्याचा कर्करोग झाला नाही : अर्बुदरोधक जनुकांच्या अभ्यासाचा इतिहास

प्रस्तावना

रात्री फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत लहान मुलाची एक बाहुली लाल न दिसता मांजराच्या डोळ्यासारखी पांढरट चमकते. कधी फोटोचीही गरज पडत नाही. मुलाला मांडीवर घेतलेल्या आईलाच ती चमक दिसते. हे दृष्टिपटलाच्या कर्करोगाचे, म्हणजे रेटिनोब्लास्टोमाचे, लक्षण असू शकते. हा रोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. वेळेत ओळखला तर मूल वाचते आणि अनेकदा डोळाही वाचतो. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो, आणि रोग डोळ्याबाहेर पसरला तर जिवावर बेतते.

नेत्रचिकित्सेच्या इतिहासात चेन्नईचे स्थान जुने आहे. एग्मोर येथील सरकारी नेत्र रुग्णालयाची सुरुवात १८१९ मध्ये झाली. शंकर नेत्रालय १९७८ मध्ये स्थापन झाले. तेथील संशोधकांनी २००१ मध्ये रेटिनोब्लास्टोमाच्या ८१ रुग्णांचा आनुवंशिक आढावा प्रसिद्ध केला. अशा आढाव्यामागे प्रत्येक आईवडिलांचा एक साधा प्रश्न असतो : हा आजार आमच्या दुसऱ्या मुलालाही होईल का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना विज्ञानाने उंदरांची मदत घेतली. उंदराने दिलेले उत्तर मात्र अपेक्षेपेक्षा वेगळे निघाले. त्या वेगळेपणाचा इतिहास या पाठात पाहू.

दोन आघातांचा सिद्धांत

अमेरिकेतील डॉक्टर आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्या मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, त्यांना रोग लवकर झाला होता. एकाच डोळ्यात गाठ असलेल्या मुलांमध्ये तो सरासरीने उशिरा दिसला होता. वय आणि रोगनिदान यांचे आलेख काढल्यावर पहिल्या गटाचे आकडे एका घटनेशी जुळले, तर दुसऱ्या गटाचे दोन घटनांशी.

सायकलचे उदाहरण घ्या. सायकलला दोन ब्रेक असतात. एक निकामी झाला तरी दुसऱ्यावर ती थांबते. दोन्ही गेले की उतारावर आवरत नाही. पेशीतही विभाजनाला आवर घालणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. काही मुले जन्मतःच एक प्रत बिघडलेली घेऊन येतात. त्यांच्या दृष्टिपटलातील लाखो पेशींपैकी एखादीत उरलेली प्रत बिघडली की गाठ सुरू होते. इतर मुलांत मात्र एकाच पेशीत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, आणि तसे घडणे दुर्मिळ असते.

१९८३ मध्ये गाठीच्या पेशींत तेराव्या गुणसूत्रावरील निरोगी प्रत नाहीशी झाल्याचा पुरावा मिळाला. १९८६ मध्ये जनुकच हाती लागले. त्याला आरबी-१ असे नाव मिळाले. अर्बुदरोधक जनुकांपैकी वेगळे काढलेले हे पहिले जनुक होय.

जनुक बदलण्यापूर्वीचा उंदीर

एखादे जनुक खरोखरच ब्रेकचे काम करते का, हे पाहण्याचा सरळ मार्ग म्हणजे ते काढून टाकून काय होते ते बघणे. हा प्रयोग माणसावर करता येत नाही. म्हणून उंदीर. त्याचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो, पिल्ले पुष्कळ होतात आणि त्याची बहुतेक जनुके माणसाच्या जनुकांशी मिळतीजुळती असतात.

कर्करोगाच्या अभ्यासात उंदीर त्याआधीही होता. पुण्यात जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांमधील स्तनाच्या कर्करोगावर दीर्घकाळ काम केले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध त्या शोधत होत्या. या केंद्रात जोपासलेला उंदरांचा एक वाण केंद्राच्याच आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' या नावाने ओळखला जातो. असा शुद्ध वाण मिळवण्यासाठी भावंडांचे मीलन निदान वीस पिढ्या करत राहावे लागते. त्यानंतर वाणातील सर्व उंदीर जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात.

एका वाणात कर्करोग वारंवार होतो आणि दुसऱ्यात क्वचित, यावरून आनुवंशिकतेचा हात आहे एवढे कळते. नेमके कोणते जनुक जबाबदार, हे त्यातून कळत नाही. घरातले दिवे गेले हे दिसते, पण कोणता फ्यूज उडाला ते शोधायचे राहते, तशी ही स्थिती होती.

नॉकआउट उंदीर कसा तयार होतो?

१९८० च्या दशकात ही अडचण दूर झाली. मार्टिन इव्हान्स यांनी उंदराच्या भ्रूणातील मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. मारियो कॅपेची आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी पेशीतील ठरावीक जनुकाच्या जागी बदललेला डीएनए बसवण्याची पद्धत विकसित केली. या तिघांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धतीचे टप्पे असे :

१. मूलपेशींत हव्या त्या जनुकाची निकामी प्रत सोडतात. फार थोड्या पेशींत ती योग्य जागी बसते. तेवढ्याच पेशी निवडतात.

२. निवडलेल्या पेशी दुसऱ्या उंदराच्या कोवळ्या भ्रूणात टोचतात. जन्मणारे पिल्लू दोन्ही प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते. बहुधा त्याच्या अंगावरील दोन रंगांच्या केसांवरून ते ओळखता येते.

३. अशा पिल्लांच्या वंशातून एक प्रत निकामी असलेले उंदीर मिळतात. त्यांचे आपापसांत मीलन केले की मेंडेलच्या नियमानुसार चारांत एका गर्भात दोन्ही प्रती निकामी असतात.

१९९२ : अपेक्षा आणि निकाल

सप्टेंबर १९९२ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात अमेरिकेतील दोन आणि नेदरलँड्समधील एका गटाने आरबी-१ निकामी केलेल्या उंदरांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिन्ही गटांचे निकाल एकमेकांशी जुळत होते. दोन्ही प्रती नसलेले गर्भ जन्मापूर्वीच मेले; त्यांच्या रक्तपेशी आणि चेतापेशी नीट तयार झाल्या नव्हत्या. म्हणजे हे जनुक केवळ गाठी रोखत नाही. शरीराच्या जडणघडणीतही ते आवश्यक असते.

एक प्रत निकामी असलेले उंदीर जन्मले आणि वाढले. माणसात हीच स्थिती असलेल्या बहुतेक मुलांना रेटिनोब्लास्टोमा होतो. या उंदरांच्या डोळ्यांत मात्र गाठ आली नाही. त्यांना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीत गाठी झाल्या. त्या गाठींच्या पेशींत दुसरी, निरोगी प्रतही नाहीशी झालेली होती. नडसन यांचा दोन आघातांचा नियम उंदरातही खरा ठरला. अवयव तेवढा बदलला.

त्याच वर्षी पी-५३ या दुसऱ्या अर्बुदरोधक जनुकाच्या दोन्ही प्रती नसलेले उंदीरही तयार झाले. ते जिवंत जन्मले आणि वरकरणी निरोगी दिसले, पण सहा महिन्यांच्या आत त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश उंदरांना गाठी झाल्या. दोन्ही जनुके अर्बुदरोधक असूनही त्यांच्या अभावाचे परिणाम इतके वेगळे होते.

डोळा का वाचला?

निकाल अपेक्षेविरुद्ध आला की दोन मार्ग असतात : प्राणी निरुपयोगी म्हणून सोडून देणे किंवा फरकाचे कारण शोधणे. संशोधकांनी दुसरा मार्ग घेतला. आरबी-१ च्या कुटुंबात पी-१०७ नावाचे एक भावंड-जनुक आहे. १९९८ मध्ये नेदरलँड्समधील गटाने ही दोन्ही जनुके नसलेल्या पेशींचे मिश्र उंदीर तयार केले, आणि त्यांच्या दृष्टिपटलात गाठी झाल्या. उंदराच्या डोळ्यात एक भाऊ गेला की दुसरा त्याचे काम सांभाळतो, असा याचा अर्थ होता.

पुढे क्री-लॉक्स या तंत्रामुळे जनुक फक्त दृष्टिपटलात बंद करता येऊ लागले. त्यामुळे गर्भ मरण्याची अडचण टळली, आणि २००४ पर्यंत अशा उंदरांतून रेटिनोब्लास्टोमाची उपयुक्त प्रतिकृती मिळाली. २०१४ मध्ये डेव्हिड कोब्रिनिक यांच्या गटाने दाखवले की, माणसाच्या दृष्टिपटलातील शंकुपेशी परिपक्व होण्याआधीच्या अवस्थेत आरबी-१ गमावल्यास अनिर्बंध वाढतात आणि उंदराच्या डोळ्यात रोवल्यावर गाठ तयार करतात. रोगाचे मूळ माणसाच्या विशिष्ट पेशीत आहे, हे यातून पुढे आले. उंदीर आणि माणूस यांच्यात फरक आढळला नसता, तर या पेशीचा शोध इतक्या नेटाने घेतला गेला नसता.

प्रयोगाची किंमत आणि चेन्नई

या इतिहासातील प्रत्येक निष्कर्षामागे अनेक प्राण्यांचे जीव आहेत. भारतात त्यांच्या बाजूने कायदा व्हावा यासाठी आवाज उठला तोही चेन्नईशी जोडलेला. कलाक्षेत्राच्या संस्थापक रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेच्या सदस्य असताना प्राणिक्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडले. सरकारने स्वतःचे विधेयक आणण्याचे आश्वासन दिल्यावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० मध्ये प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला. या कायद्याने प्रयोगांवर बंदी घातली नाही. त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली. आज जनुक बदललेल्या उंदरांवर काम करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीला दोन गोष्टी पटवाव्या लागतात : प्राण्यांविना हा प्रश्न का सुटत नाही, आणि कमीत कमी किती प्राणी लागतील.

समारोप

आता आईवडिलांच्या प्रश्नाकडे परत येऊ. रुग्ण मुलाच्या रक्तात आरबी-१ चा दोष सापडला, तर त्याच्या भावंडांची तपासणी करता येते. ज्या भावंडात तो दोष नाही, त्याला भूल देऊन पुन्हापुन्हा डोळे तपासण्याची गरज उरत नाही. ज्याच्यात आहे, त्याच्या डोळ्यांवर पहिल्या महिन्यांपासून लक्ष ठेवता येते. हे ज्ञान मुलांच्या नोंदींतून सुरू झाले. उंदरांनी ते तपासून पाहिले आणि त्याच्या मर्यादाही दाखवल्या. उंदरातील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही, हाही या इतिहासाचा धडा आहे.

स्वाध्याय

१. दोन्ही डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमा लवकर का दिसतो, हे दोन आघातांच्या सिद्धांताने स्पष्ट करा.

२. शुद्ध वाणाचा उंदीर आणि नॉकआउट उंदीर यांतून मिळणाऱ्या माहितीत कोणता फरक असतो?

३. १९९२ च्या उंदरांना डोळ्याची गाठ झाली नाही. तरीही तो प्रयोग यशस्वी म्हणता येईल का? आपले मत कारणांसह लिहा.